वाटसरूची वहाण

इतिहास लिहिणारांनीं घोड्यांच्या जातींवर लिहिलें, तलवारींच्या पात्यांवर लिहिलें, तोफांच्या गाड्यांवरहि लिहिलें. परंतु ज्या पायांनीं हा सारा देश तुडविला, त्या पायांत काय होतें याची विचारपूस फारशी कोणीं केली नाहीं. आगगाडी येईपर्यंत महाराष्ट्रांत पालखी सरदाराची, घोडा शिलेदाराचा आणि बैलगाडी ज्याच्या दावणीला बैल असतील त्याची. बाकी सर्वांचें वाहन म्हणजे स्वतःचे दोन पाय, आणि त्या वाहनाचें चाक म्हणजे पायांतली वहाण. हा शब्दहि लहानसहान नव्हे. संस्कृतांतील 'उपानह्' या शब्दाचें तें मराठी रूप आहे, आणि शतपथ ब्राह्मणांत राजसूय यज्ञाच्या वर्णनांत राजानें पायांत घालावयाच्या डुकराच्या कातड्याच्या उपानहांचा उल्लेख आढळतो.

अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत पायीं चालण्याची आवड पुन्हां वाढूं लागली आहे. तरुण मंडळी सुटी साधून सह्याद्रीच्या घाटवाटा चढतात. कोणी आळंदीहून पंढरपुरापर्यंत वारीबरोबर चालून येतात. अशा वेळीं दुकानांत गेलें कीं एक प्रश्न हटकून पुढें उभा राहतो. जाड तळाचा, घोट्याच्या वर चढणारा भक्कम बूट घ्यावा, कीं हलका कापडी जोडा किंवा पट्ट्यांची साधी चप्पल पुरे? हा प्रश्न नवा वाटतो. पण तो रस्त्यांइतकाच जुना आहे, आणि चालणारांच्या अनेक पिढ्यांनीं त्याचें उत्तर स्वतःच्या पायांनीं शोधून ठेविलें आहे. तें उत्तर आज आपण एका लहानशा गांवीं उभें राहून पाहूं. तें गांव म्हणजे हिंगोली जिल्ह्यांतील कनेरगांव नाका.

हिंगोलीहून उत्तरेस वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या परिसरांत हें गांव आहे. आज इकडे हिंगोली जिल्हा व तिकडे वाशीम जिल्हा, एवढाच भेद उरला आहे. परंतु १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथें दोन राजवटींची शीव होती. दक्षिणेस निजामाचें हैदराबाद संस्थान. उत्तरेस वऱ्हाड प्रांत, जो १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिला. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. शिवेवरून येणाऱ्याजाणाऱ्या मालावर निजामाच्या करोडगिरी खात्याची जकात बसे. गांवाच्या नांवांतला 'नाका' हा शब्द त्या दिवसांची आठवण अजून जागी ठेवतो.

या टापूला चालण्याची परंपरा मोठी आहे. हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. तें संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलें जातें. १२७० सालीं जन्मलेले नामदेव पंढरपुराहून थेट पंजाबापर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें समाविष्ट आहेत. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलें, तेव्हां आपले साहित्यिक आगगाडींत बसून तेथें पोंचले. तीच हजार मैलांहून अधिक वाट शिंपी कुळांतल्या या संतानें चौदाव्या शतकांत आक्रमिली होती. नामदेवांच्या गुरूंची जी कथा सांगतात तीहि याच मुलखांतली, औंढा नागनाथाची. विसोबा खेचर देवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेव रागावले, तेव्हां "जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव" असें विसोबांनीं त्यांना सांगितलें, अशी ती कथा आहे. चालून चालून थकलेल्या पायांना या भागांतील लोकांनीं केवढा मान दिला, तें या कथेवरून ध्यानांत येईल.

संतांच्या मागून व्यवहारी माणसेंहि याच वाटांनीं चाललीं. मराठेशाहींतील पत्रें जासुदांच्या हातून जात. त्या काळच्या कागदपत्रांत 'जासूद जोडी' हे शब्द वारंवार येतात, कारण हे निरोपे दोघे दोघे मिळून वाट चालत. एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ सालीं उठली. कंपनीच्या काळांतील देशी शिपायांचीं जुनीं चित्रें पाहिलीं, तर अंगांत लाल डगला आणि पायांत मात्र पट्ट्यांचीं उघडीं पायतणें, असा पोषाख अनेक ठिकाणीं दिसतो. विष्णुभट गोडशांचें नांव आपणां सर्वांस परिचित आहे. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमींत सांपडला. त्याचें प्रवासवृत्त चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. तो प्रवास झाला तेव्हां आगगाडीचे रूळ मुंबईच्या आसपासच कोठें पडूं लागले होते.

आणि या सर्वांहून मोठा चालणारा म्हणजे वारकरी. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं संतांच्या पादुका पालखींत घालून पंढरीस नेण्याची प्रथा सुरू केली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकरांनीं ज्ञानोबांच्या पालखीला लष्करी शिस्त घालून दिली. पालखींत मिरवितात त्या संतांच्या मूर्ति नव्हेत, पोथ्याहि नव्हेत, तर पादुका, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्यासारखी आहे. विदर्भांतून निघणारी शेगांवच्या गजाननमहाराजांची पालखी रिसोडवरून पानकनेरगांवीं मराठवाड्यांत उतरते आणि सेनगांव, परभणी, परळी अशी पंढरीला जाते. पानकनेरगांव हें सेनगांव तालुक्यांतलें. आपलें कनेरगांव नाका निराळें, हिंगोली तालुक्यांतलें. दोन्ही गांवें मात्र वऱ्हाडांतून मराठवाड्यांत शिरण्याच्या वाटांवर वसलेलीं आहेत, आणि दोन्हीकडची भुई एकच, काळीभोर.

या चालणारांच्या पायांत काय होतें, तें समजून घ्यावयाचें तर आधीं या भुईकडे पाहिलें पाहिजे. काळ्या मातीचे वर्षांत तीन अवतार असतात. उन्हाळ्यांत ती तापते व फुटते. तिच्या भेगांच्या धारा कडक होतात, आणि बांधावरच्या बाभळीचे कांटे व वाटेवरचे सराटे त्यांत भर घालतात. हिवाळ्यांत ती चालणाराला सुखाची असते. पावसाळ्यांत मात्र ती पायाला धरून ठेवते. दहा पावलें टाकलीं कीं वहाणेच्या तळाला चिखलाचा थर बसतो, वीस पावलांत त्या थरावर दुसरा थर, आणि शेवटीं वहाणेपेक्षां चिखलाचेंच वजन अधिक होतें. अशा वेळीं इकडचा शेतकरी वहाणा काढून हातांत घेतो आणि अनवाणी चालूं लागतो. शहरी पाहुण्याला हा कंजूषपणा वाटतो. वहाण जपण्यासाठीं पाय झिजवितो, असें तो म्हणतो. खरें पाहतां तो शेतकरी पायांवरचें ओझें उतरवीत असतो. हलकें पायतण कोणतें याचें पहिलें उत्तर त्यानें येथेंच दिलें आहे. दुकानांतल्या तराजूवर जें हलकें भरतें तें नव्हे, तर वाटेवर हलकें राहतें तें हलकें.

ही वहाण बनत असे ती गांवांतच. त्रिंबक नारायण आत्र्यांचें 'गांवगाडा' हें पुस्तक १९१५ सालीं निघालें. बलुतेदारांच्या कामांची व हक्कांची हकीकत त्यांत सविस्तर दिलेली आहे. मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम महारांकडे असे, कातडें कमाविण्याचें ढोरांकडे, आणि वहाण शिवण्याचें चांभारांकडे. कातडें कमावण्यास बाभळीची साल, हिरडा व तरवड हीं झाडांचीं द्रव्यें लागत. कोल्हापूरकडे कातड्याची पिशवी शिवून तींत सालीचें पाणी भरीत व ती टांगून ठेवीत, म्हणजे तो रस आंतून बाहेर झिरपून कातड्याच्या कणाकणांत मुरे. तळाला म्हशीचें जाड कातडें, वरच्या पट्ट्यांना मऊ कातडें. आरी आणि रापी एवढ्या हत्यारांवर चांभार काम करी, आणि अस्सल कोल्हापुरी वहाणेंत लोखंडी खिळा नसे. सर्व जोड कातड्याच्या वादीनें शिवलेले. यांतला एक फायदा वाटसरूला फार मोठा होता. वाटेंत अंगठा तुटला, पट्टा निसटला, तर पुढच्या गांवचा चांभार तो पाव घटकेंत शिवून देई. जें पायतण वाटेवर दुरुस्त होऊं शकतें तेंच लांब पल्ल्याचें पायतण, हें दुसरें उत्तर येथें मिळतें.

वहाणांचेहि प्रकार होते. रानांत कांट्याकुट्यांतून मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगराची वहाण जाड व जड. पाटलाची, पैलवानाची वहाण तर मुद्दामच जड. ती चालतांना करकर वाजावी आणि दहा माणसांनीं वळून पाहावें, असा तिचा हेतु. पण जासूद किंवा वारकरी असा आवाज करीत चालत नाहीं. त्याला तळ हवा तो कांटा अडविण्यापुरता, पट्टा हवा तो बोट धरण्यापुरता. गांवांतल्या गांवांत मिरविण्याची वहाण आणि परगांवीं जाण्याची वहाण या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें गांवच्या चांभाराला पुरतें ठाऊक होतें. आज दुकानांत जो भक्कम दिसणारा बूट आपणांस भुरळ घालतो, तो पुष्कळदां पाटलाच्या वहाणेचा नातलग असतो.

या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण ती वगळली तर सारी हकीकत खोटी ठरेल. ज्या हातांनीं वहाण बनविली, त्या हातांच्या धन्याला ती सर्व ठिकाणीं घालण्याची मोकळीक नव्हती. पुष्कळ गांवांत अस्पृश्य मानलेल्या माणसानें पाटलाच्या वाड्यावरून किंवा सवर्णांच्या आळींतून जातांना वहाणा काढून हातांत घ्याव्या, असा दंडक होता. महार हा गांवचा निरोप्या. सरकारी टपाल, वसुलाची चिठ्ठी, मयताची बातमी घेऊन उन्हातान्हांत गांवोगांव धांवावयाचें तें त्यानें. म्हणजे गांवांत जो सर्वांत अधिक चालत होता, त्याच्याच पायांत वहाण असण्याला सर्वांत अधिक आडकाठी होती. "पायींची वहाण पायींच बरी" ही म्हण आपण सहज बोलून जातों. ती वहाणेविषयीं नसून माणसांविषयीं आहे, आणि ती ज्यांना उद्देशून वापरली जाई त्यांत आपल्या घरांतल्या स्त्रियाहि होत्या. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकरांनीं पाण्याचा हक्क बजाविला. १९५० च्या राज्यघटनेनें सतराव्या कलमान्वयें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें शिक्षेस पात्र ठरविलें. एक माणूस वहाणा पायांत ठेवून एका गल्लीतून सरळ चालत जातो, एवढ्या साध्या दृश्यामागें इतकीं वर्षें व इतके कायदे उभे आहेत.

मोहनदास गांधींनीं वहाण शिवण्याचें काम स्वतः हातीं घेतलें, त्याचेंहि महत्त्व या पार्श्वभूमीवरच कळतें. दक्षिण आफ्रिकेंत १९१० सालीं स्थापिलेल्या टॉलस्टॉय फार्मवर ते व त्यांचे सोबती चपला बनवीत. त्यांनीं बनविलेला एक जोड जनरल स्मट्स यांच्याकडे गेला, आणि १९३९ सालीं गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनीं तो परत पाठविला. १९३० च्या मार्चांत साबरमतीहून दांडीपर्यंतची २४१ मैलांची वाट गांधी चालले तीहि साध्या चपला घालून, आणि त्या वेळीं त्यांचें वय साठ वर्षांचें होतें.

आतां हलक्या वजनाविषयीं शास्त्र काय सांगतें तें पाहूं. डोकीवर एक शेर ओझें घेतलें काय आणि पायांत एक शेर अधिक घातलें काय, दोन्ही सारखेंच असें आपणांस वाटतें. तें तसें नाहीं. डोकें चालतांना जवळजवळ एका रेषेंत पुढें सरकतें. पाय मात्र दर पावलाला उचलावा लागतो, पुढें झोंकावा लागतो, थांबवावा लागतो आणि पुन्हां उचलावा लागतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील सोल व गोल्डमन या संशोधकांनीं माणसांच्या डोकीवर, हातांत व पायांवर वजनें बांधून त्यांना चालविलें आणि किती शक्ति खर्च होते तें मोजलें. शरीराचें स्वतःचें एक किलो वजन नेण्यास जितकी शक्ति लागते, तिच्या चार ते सहा पट शक्ति पायांवरच्या एका किलोला लागते, आणि चाल जितकी जलद तितकी ही पट वाढते, असें त्यांना आढळलें.

हाच हिशेब आपण वारीच्या वाटेवर करून पाहूं. आळंदी ते पंढरपूर हें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. पाऊण मीटराचें एक पाऊल धरलें तर ती वाट सव्वातीन लाखांहून अधिक पावलांची होते; म्हणजे प्रत्येक पाय दीड लाखांहून अधिक वेळां उचलला जातो. एका जोड्यापेक्षां दुसरा जोडा दर पायामागें दोनशें ग्रॅमनीं जड असला, तर या वाटेंत एकेका पायानें तेहतीस हजार किलोंच्या आसपास जास्तीचें वजन थोडें थोडें करून उचललें असें होतें. खांद्यावरच्या पिशवींतून धोतराचा एक जोड कमी करणारा वाटसरू पायांत मात्र दगड बांधून चालतो, तो असा.

ही गोष्ट इतर देशांतल्या चालणारांनींहि ओळखली होती. जपानांत एदोपासून क्योतोपर्यंतच्या तोकाइदो या राजमार्गावर त्रेपन्न मुक्काम होते, आणि त्या वाटेनें जाणारे प्रवासी भाताच्या पेंढ्याच्या विणलेल्या चपला घालीत. त्या फार दिवस टिकत नसत. पण त्या अत्यंत हलक्या व स्वस्त असत आणि वाटेवरच्या गांवांतून सहज मिळत. झिजली कीं टाकावी, नवी पायांत घालावी. आपली कातड्याची वहाण दुरुस्त होऊन चाले, जपानची पेंढ्याची वहाण बदलून चाले. दोन्हींचें मर्म एकच. तुमच्या पायतणाची वाट वाटेवरच पुरविली गेली पाहिजे.

पुढें रबर आलें. चार्ल्स गुडइयर यांनीं रबराला गंधकाची आंच देऊन तें टिकाऊ करण्याची कृति १८३९ सालीं शोधिली व १८४४ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यांतूनच कापडी अंगाचे व रबरी तळाचे हलके जोडे निघाले. बाटा कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ आपला कारखाना काढला आणि पांढरा कापडी जोडा हिंदुस्थानच्या शाळाशाळांतून पोंचला. मोटारी वाढल्या तसा झिजलेल्या टायरांचा ढीग पडूं लागला, आणि गरीब माणसाच्या चांभारानें त्यांतून टायरची चप्पल कापली. ती कांट्याला दाद देत नाहीं, पाण्यानें फुगत नाहीं. दोष एवढाच, कीं ती जड असते. तरीहि शहाण्या हातानें पातळ कापली तर तिच्यानें काय होतें, तें १९९३ सालीं अमेरिकेंतील लेडव्हिल येथील शंभर मैलांच्या शर्यतींत दिसलें. मेक्सिकोंतील ताराहुमारा या आदिवासी जमातीचा पंचावन्न वर्षांचा व्हिक्टोरियानो चुर्रो टायरच्या तळाच्या चपला घालून धांवला आणि पहिला आला. त्याच्याहि आधीं, १९५५ सालीं, एम्मा गेटवुड नांवाची सदुसष्ट वर्षांची आजीबाई साधे कापडी जोडे घालून व खांद्यावर हातानें शिवलेली झोळी टाकून अमेरिकेंतील अ‍ॅपलेशियन पायवाटेचे दोन हजारांहून अधिक मैल एकटी चालून गेली. पाठीवरचें ओझें हलकें, म्हणून पायांतलेंहि हलकें चाललें, हा तिचा धडा विसरण्यासारखा नाहीं.

एवढा इतिहास पाहिल्यावर दुकानांतला प्रश्न सोपा होतो. प्रथम भुई विचारावी. जुन्या वाटा मातीच्या होत्या. पायाखालची माती धक्का सोशी, म्हणून पातळ कातडें पुरे होई. डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांनीं तो हिशेब बदलला. हे रस्ते धक्का परत पायालाच देतात आणि उन्हांत तव्यासारखे तापतात. म्हणून आजच्या वारीच्या वाटेवर जुन्या धाटणीची पातळ वहाण सर्वांनाच मानवेल असें नाहीं. तळाला मऊ थर हवा. असा थर हलक्या वजनांत देणारा फेस १९७० नंतरच्या दशकांत धांवण्याच्या जोड्यांत आला. तो पाणी पीत नाहीं, पण वापरानें दबतो. वरून जोडा नवा दिसतो आणि तळ मेलेला असतो. लांब पल्ल्याला निघतांना अंगठ्यानें तळ दाबून पाहावा.

मग पाणी विचारावें. आषाढांतल्या वाटेवर पाय भिजणारच. ज्या जोड्यांत पाणी शिरूंच नये असा बंदोबस्त असतो, त्यांत तें एकदां शिरलें कीं बाहेरहि निघत नाहीं. ओलावा, ऊब आणि घर्षण हे तिघे एकत्र आले कीं पायाला फोड येतो. जाळीदार कापडी जोडा किंवा टांचेला पट्टा असलेली चप्पल भिजते, पण चालतां चालतां वाळते. टांचेचा पट्टा महत्त्वाचा, कारण तो नसला कीं प्रत्येक पावलाला बोटांनीं चप्पल धरून ठेवावी लागते आणि पोटरी दुखूं लागते.

माप संध्याकाळीं घ्यावें. दिवसभर चाललेला पाय सकाळच्या पायापेक्षां मोठा असतो. लांब बोटापुढें अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी, नाहींतर उतारावर नखें काळीं पडतात. नवें पायतण घालून पहिला मुक्काम कधीं गांठूं नये. आपले वाडवडील नव्या वहाणेला तेल पाजून ती महिनाभर गांवांतच वापरीत, तें उगीच नव्हे.

हलकें तेंच सर्वांना चांगलें, असेंहि मात्र समजूं नये. ज्याच्या पाठीवर मोठें ओझें आहे, ज्याचा घोटा वारंवार मुरगळतो, ज्याला बर्फांतून जावयाचें आहे, त्यानें भक्कम बूटच घ्यावा. मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनीं तर उघडी चप्पलहि टाळावी आणि अनवाणी चालण्याचा नवस कधीं करूं नये. लागलेला कांटा त्यांना कळत नाहीं आणि लहानशी जखम पाय घेऊन जाते. देवाच्या दारीं पोंचावयाचें तें पायांनींच, तेव्हां त्यांची काळजी घेण्यांत भक्ति उणी होत नाहीं.

एक गोष्ट राहिली. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे त्यांत आले. २०२५ च्या जून महिन्यांत मिलान शहरांत प्राडा या इटालियन कंपनीनें तशाच घाटाच्या चपला रंगमंचावर आणल्या, आणि त्या वेळीं कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत ओरड झाली, तेव्हां या घाटाचें मूळ भारतांतल्या कारागिरींत आहे असें कंपनीनें मान्य केलें. परक्याकडून आपण हा मान मागितला तें योग्यच झालें. मात्र शिवणाऱ्याचें नांव न घेतां वहाण घालण्याची संवय आपल्याच गांवगाड्यानें शेंकडों वर्षें जोपासली होती, याची जाणीव ठेवून तो मागितला पाहिजे.

वारीच्या दिवसांत पालखीच्या मार्गावर ठिकठिकाणीं चर्मकार समाजाचे लोक आरी व दोरा घेऊन बसतात आणि वारकऱ्यांच्या तुटक्या चपला मोफत शिवून देतात. पंढरपुरास पोंचल्यावर त्या शिवलेल्या चपला देवळाच्या बाहेर उतरतात. महाद्वारांतली पहिली पायरी नामदेवांची. भक्तांचे पाय आपल्या माथ्याला लागावे म्हणून नरसीच्या त्या संतानें ती जागा मागून घेतली, असें सांगतात. तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधि आहे. चोखोबांच्या जातभाईंना त्या पायरीच्या पलीकडे जाण्यास १९४७ साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत दहा दिवस उपोषण केलें आणि देऊळ सर्वांना मोकळें झालें. कनेरगांव नाक्याकडून, पानकनेरगांवाकडून, आळंदीकडून आलेले सारे पाय आज त्या पायरीशीं सारखेच अनवाणी होतात. तेथपर्यंतच्या वाटेवर मात्र प्रत्येकाच्या पायांत, त्याला झेपेल अशी, हलकी आणि धड वहाण असली पाहिजे.